पत्रा पातळ, म्हणून करंट कमी?

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं आहे. थोडं कापून देतो:

"काका, कुपवाडला माझं छोटं शेड आहे. लडाखला वगैरे जाणारी पोरं मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावतात, त्या बनवतो. पत्रा दीड मिमी, ५०५२ ग्रेडच्या ॲल्युमिनियमचा. मशीन २०० अँपियरचं एसी-डीसी इन्व्हर्टर, सेकंडहँड घेतलं, पायाने करंट कमी-जास्त करायचं पेडल नाही. एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) आर्गॉन वेल्डिंग मी सहा वर्षं करतोय, हात बसलेला आहे. पण ॲल्युमिनियमच्या कोपऱ्यावर पहिले दोन इंच छान जातात आणि मग एकदम भोक. करंट कमी करत करत ३५ वर आलो, तर रॉडचा गोळा होऊन वर बसतो, चिकटतच नाही. रॉड २.४ मिमीचा आहे, दुकानदाराने तोच दिला. दोन पेट्या भंगारात गेल्या. व्हिडिओत गॅसवर वितळणारी कांडी दाखवतात, ती घेऊ का? की सरळ रिव्हेट मारू?"

काका म्हणालास, तर मी 'तू'च म्हणतो.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'करंट कमी करत करत ३५ वर आलो.' दुखणं तिथंच आहे, आणि ते तुझ्या एसएसच्या हाताने लावलंय. एसएसमध्ये पत्रा पातळ असला की करंट उतरवायचा आणि सावकाश जायचं, हे बरोबर असतं. कारण एसएस उष्णता जिथल्या तिथं धरून ठेवतं. ५०५२ ची उष्णता वाहून न्यायची क्षमता एसएसच्या आठपटीहून जास्त आहे. तू ३५ अँपियरवर वेल्डिंगची टॉर्च धरून बसतोस तेव्हा जोडावर रस, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, होत नाही, कारण दिलेली उष्णता सगळ्या पत्र्यात पळते. दहा सेकंद, पंधरा सेकंद तू वाट बघतोस. तेवढ्या वेळात वीतभर पत्रा तापून बसतो. मग एका क्षणी रस होतो, पण त्याला धरून ठेवायला आजूबाजूला थंड धातूच उरलेला नसतो. पत्रा खाली बसतो आणि भोक पडतं. तू म्हणतोस, उष्णता जास्त झाली, आणखी पाच अँपियर कमी करू. आणि चक्र सुरू.

मंद आचेवर भाकरी वातड होते, तसंच हे. तवा तापलेला हवा आणि हात चलाख हवा. पत्र्यात किती उष्णता गेली ते नुसत्या करंटवर ठरत नाही, तू तिथं किती वेळ थांबलास त्यावरही ठरतं. पातळ ॲल्युमिनियमला वेळ कमी द्यायचा असतो. करंट कमी करून वेळ वाढतो, म्हणून उलटा परिणाम होतो.

आकडा हवा असेल तर जुना हिशोब आहे: दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपियर. म्हणजे तुझ्या दीड मिमीला ६०. बाहेरच्या कोपऱ्याचा जोड असल्यामुळे थोडं कमीही चालतं, पण सुरुवातीला पत्रा थंड असताना ७० ते ७५ लागतात. माझी कसोटी घड्याळाची आहे: आर्क (टॉर्च आणि पत्र्यामधली विजेची ज्योत) पेटल्यापासून दोन-तीन सेकंदांत चमकदार रस दिसला पाहिजे. पाच सेकंद लागले तर करंट वाढव. पेटताक्षणी खड्डा पडला तर कमी कर. हे पाच तुकड्यांवर केलंस की तुझ्या मशीनचा, तुझ्या शेडच्या व्होल्टेजचा आकडा तुला सापडेल. माझा आकडा तुझ्या मशीनवर तंतोतंत बसेलच असं नाही.

आता रस ओळखायचा कसा? लोखंड आधी लाल होतं, मग केशरी, मग वितळतं. डोळ्याला इशारा मिळतो. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. चांदीसारखं दिसता दिसताच वितळतं. शिवाय त्याच्यावर ऑक्साइडची कातडी असते. आतला शुद्ध धातू ६६० अंशांना वितळतो, मिश्रधातू त्याआधीच. ही कातडी मात्र दोन हजार अंशांच्या वर. दुधावरच्या सायीसारखं समज: वरून सगळं स्थिर दिसतं आणि खाली उकळतंय. म्हणूनच ३५ अँपियरवर तुझा रॉडचा गोळा वर नुसता बसून राहतो. गोळ्यालाही साय आहे, पत्र्यालाही साय आहे, आणि दोन सायी एकमेकींत मिसळत नाहीत. दुकानदाराला शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण रॉडच्या दर्जाला नको, जाडीला घाल. त्यावर येतोच.

ही साय फोडण्यासाठीच एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट, वापरतात. एका अर्ध्या फेऱ्यात टंगस्टन, म्हणजे टॉर्चमधली आर्क धरणारी सळई, धन होतो, तेव्हा कातडी उडते. दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात तो ऋण होतो, तेव्हा उष्णता पत्र्यात शिरते. मशीनवरचं बॅलन्सचं बटण या दोघांची वाटणी करतं. इथं एक घोळ आहे, सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांना हमखास नडतो. काही मशीनांवर बॅलन्सचा आकडा सफाईचा भाग दाखवतो, काहींवर पत्र्यात जाणाऱ्या उष्णतेचा. एकावर ३० म्हणजे दुसऱ्यावर ७०. तुझ्या मशीनवर कोणता आहे हे पुस्तिका नसेल तर करून बघ. सफाई जास्त झाली की टंगस्टनचं टोक गोळा होऊन लोंबायला लागतं आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढुरका पट्टा उमटतो. सफाई कमी पडली की रसात मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके तरंगतात. सफाई २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास ठेव. फ्रीक्वेन्सी बदलता येत असेल तर १०० ते १२० हर्ट्झ ठेव. आर्क अरुंद होतो आणि कोपऱ्याच्या धारेवर नेमका बसतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हे सुख नव्हतं, लाइनचे ५० हर्ट्झ तेवढेच.

टंगस्टन १.६ मिमी घे, निळ्या किंवा सोनेरी टोकाचा. हिरव्या टोकाचा शुद्ध टंगस्टन जुन्या मशीनांसाठी होता. इन्व्हर्टरवर तो उगाच गोळा होतो. लाल टोकाच्यात थोरियम असतं, किरणोत्सारी. त्याची धूळ घासताना नाकात घ्यायचं काही कारण नाही. टोक लांबीच्या दिशेने घास आणि अगदी शेवटी किंचित सपाट कर.

आता फिलर, म्हणजे रॉड. सगळ्यात जास्त इथंच बोलायचं आहे, कारण फिलर म्हणजे नुसती भरणी नव्हे. पातळ पत्र्यावर तो तुझा ब्रेक आहे. थंड रॉडचं टोक रसात बुडलं की रसातली उष्णता ते वितळायला खर्च होते, रस आकसतो. रस रुंदावतोय, आरशासारखा पसरतोय असं दिसलं की घाबरून टॉर्च उचलू नकोस. रॉडचा एक टपका दे आणि पुढं सरक. टपका, सरक, टपका, सरक. ज्या वेळी रॉड द्यायला उशीर होतो, त्याच वेळी भोक पडतं. तुझे पहिले दोन इंच बरे जातात आणि पुढं बिघडतं, त्याचं निम्मं कारण हेच असणार: सुरुवातीला ज्या तालात रॉड देतोस त्याच तालात पुढंही देतोस, पण पुढचा पत्रा आधीच तापलेला असतो. पुढं जाताना ताल चढायला पाहिजे. भजनात शेवटी शेवटी टाळ कसे वेगात येतात, तसा.

पण ब्रेक बैलगाडीचा आणि गाडी मोपेड असं करू नकोस. २.४ चा रॉड म्हणजे १.६ च्या सव्वादोन पट धातू. दीड मिमीच्या पत्र्याच्या चिमुकल्या रसात तो घातलास की रस गोठतोच. मग तो वितळावा म्हणून तू थांबतोस, थांबलास की आजूबाजूचं बसतं. १.६ मिमीचा रॉड आण. बाकी काही न बदलता एवढंच केलंस तरी फरक दिसेल.

रॉड कुठला? ५०५२ ला मी ५३५६ देतो. त्यात मॅग्नेशियम असतं, रॉड ताठ असतो, बोटांतून सरकवायला सोपा, आणि जोड चिवट होतो. ४०४३ मध्ये सिलिकॉन असतं, तो छान वाहतो आणि दिसायला गुळगुळीत होतो. खिडक्यांच्या ६०६३ सेक्शनला उत्तम, ५०५२ ला चालून जातो. गिऱ्हाइकाला पेटी ॲनोडाइझ करून हवी असेल तर ४०४३ ची शिवण काळपट दिसते, ५३५६ ची रंगात मिसळते. पावडर कोटिंगच करणार असशील तर हा प्रश्न नाही. एकच लक्षात ठेव: सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या वस्तूला ५३५६ लावू नये. पेटीला लाव, पण शेजारच्या गॅरेजवाल्याने इंटरकूलरचा पाइप आणला तर ४०४३ घे.

रॉड धरायचा कसा, हे एसएसवाल्यांना शिकवावं लागत नाही असं वाटतं, पण लागतं. टॉर्च जवळजवळ उभी, १० ते १५ अंश कललेली, यापेक्षा जास्त नाही. जास्त कललीस तर आर्कची झळ पुढं रॉडवर जाते आणि रसात पोचायच्या आधीच त्याचा गोळा होतो. रॉड पत्र्याला जवळजवळ आडवा, १५-२० अंशांवर. टोक रसाच्या पुढच्या काठाला लावायचं. आर्कमध्ये घालायचं नाही, टंगस्टनला तर शिवायचंच नाही. शिवलं तर थांब, टंगस्टन काढ, घास. तसंच ओढत नेणाऱ्यांची काळी शिवण मी लांबून ओळखतो. टपका दिल्यावर रॉड मागं घे, पण गॅसच्या छत्रीखालीच राहू दे. गरम टोक हवेत गेलं की त्यावर पुन्हा साय धरते. आर्कची लांबी दीड-दोन मिमी. लांब आर्क म्हणजे पसरलेली उष्णता, आणि तुला ती पसरायलाच नको आहे. रॉड बोटांतून पुढं सरकवायचा सराव टॉर्चशिवाय कर. चहाच्या गाड्यावर उभा असताना हातात एक तुकडा घे आणि सरकवत रहा. लोक हसतील, हसू देत.

पेडल नसल्याचं तू लिहिलंस. खरं सांगू, पेट्यांचा धंदा पुढं चालवायचा असेल तर पेडल घेच. ७५ वर सुरू करून मध्ये ६०, शेवटच्या दोन इंचांत ५० किंवा त्याखाली, हे पायाने जितकं सहज होतं तितकं कशानेच होत नाही. तोपर्यंत पल्स वापर, म्हणजे मशीन करंट आपोआप वर-खाली करतं. वरचा करंट ८०, खालचा त्याच्या ३०-३५ टक्के, सेकंदाला दीड ते दोन ठोके. वरच्या ठोक्याला रस होतो, तेव्हा टपका दे. खालच्या ठोक्याला तो आवळतो, तेव्हा सरक. ताल मशीनच देतं. दुसरा उपाय फुकटचा: सलग शिवण मारू नकोस. दीड-दोन इंच मार, मग पेटीच्या समोरच्या कोपऱ्यावर जा, परत ये. हात लावून बघ. पत्रा हाताला सोसत नसेल तर चहा पी.

आणि आतून आधार दे. कोपऱ्याच्या आत तांब्याची किंवा जाड ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने घट्ट दाब. ती जादा उष्णता पिऊन टाकते आणि रसाला खाली पडू देत नाही. तांब्यावर थेट आर्क जाऊ देऊ नकोस, तांबं रसात गेलं की शिवण तडकते.

फट हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगतो. लोखंडात फट रॉडने बुजते, दीड मिमी ॲल्युमिनियममध्ये फटीचंच भोक होतं. दोन्ही पत्र्यांच्या आतल्या धारा एकमेकींना पूर्ण लांबीभर टेकल्या पाहिजेत. आधी दोन टोकांना टाके (जोड धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके) मार, मग मधोमध, मग दर इंचाला. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट फुगतं. टाके विरळ असले की पुढची फट तुझ्या डोळ्यांदेखत उघडते आणि तू समजतोस करंट जास्त झाला. जमेल तितकं काम बेंडिंग मशीनवरच कर: पत्रा असा काप की वेल्डिंगला फक्त चार कोपरे उरतील. जी शिवण मारावीच लागत नाही ती बिघडतही नाही.

सफाईबद्दल माझा अनुभव सांगतो. मी नवा असताना एका दूध संकलन केंद्राचा ॲल्युमिनियमचा कॅन बुडाला गळतो म्हणून आला. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका अजून त्या धातूला 'जर्मन'च म्हणतात. मला वाटलं, जर्मनच्या भांड्याला काय कठीण आहे. ब्रश मारला आणि सुरू झालो. जिथं मारीन तिथं बुडबुडे, काळी राख, आणि गळती एकाची चार झाली. शिवणीत वर्षानुवर्षांचं दूध आणि तूप मुरलेलं होतं. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर सामावून घेतं आणि गोठताना तो बाहेर टाकतं; तेल, तूप, पाणी यांतला हायड्रोजन शिवणीत बुडबुडा होऊन अडकतो. शेवटी पदरचे पैसे घालून नवा कॅन दिला.

म्हणून क्रम असा: आधी ॲसिटोनने पुसायचं, मग ब्रश. उलटं केलंस तर ब्रश तेल धातूत चोळून बसवतो. ब्रश एसएसचा, नवा, आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी. त्याला लाल टेप गुंडाळ आणि कुणी लोखंडाला लावला तर बोंब मार. रॉडही पूस, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. ब्रेक साफ करायचा क्लोरीनयुक्त स्प्रे मात्र जवळही आणू नकोस. आर्कच्या प्रकाशात त्याची वाफ फॉस्जीन होते, आणि तो युद्धात वापरलेला विषारी वायू आहे. यात मी गंमत करत नाही. ॲसिटोन पेटतं, तेव्हा पूर्ण वाळल्याशिवाय आणि बाटली लांब ठेवल्याशिवाय आर्क पेटवू नकोस.

पावसाळ्यात बाहेरून आणलेल्या गार पत्र्याला शेडमध्ये घाम फुटतो. तो दिसत नाही, पण बुडबुडे येतात. पत्रा आदल्या दिवशी आत आणून ठेव. गॅस टॉर्चच्या तोंडावरच्या ६ किंवा ७ नंबरच्या कपला मिनिटाला ८ लिटर पुरे. १५ केलास तर भोवरा होतो आणि गॅसबरोबर हवाही आत ओढली जाते. आणि तुझ्या मागचा पेडेस्टल फॅन बंद. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतील, पण फॅन बंद. हो, फुलबाह्यांचा शर्ट आणि गळ्याला फडकं. ॲल्युमिनियमवरून उलटणारा आर्कचा प्रकाश एसएसपेक्षा जास्त भाजतो, हनुवटीखाली विशेषतः.

शिवणीचा शेवट. तू लिहिलं नाहीस, पण माझी खात्री आहे की तू शेवटी बटण सोडून टॉर्च उचलतोस. तिथं खळगा राहतो आणि खळग्यात चांदणीसारखी तडा. डाउनस्लोप, म्हणजे करंट हळूहळू उतरायचा वेळ, ३-४ सेकंद ठेव, उतरत्या करंटमध्ये एक जादा टपका दे, आणि आर्क विझल्यावरही गॅस बंद होईपर्यंत, सहा-आठ सेकंद, टॉर्च तिथंच धर. मोटारसायकलच्या पेटीला तडा बहुतेकदा या खळग्यांतून सुरू होते. लडाखच्या रस्त्यावर ती वाढायला फार दिवस लागत नाहीत.

आता तुझे दोन प्रश्न. गॅसवर वितळणारी ती कांडी बहुतेक जस्ताची असते, ४०० अंशांच्या आतच वितळते. कूलरच्या टाकीचं बारीक भोक बुजवायला ठीक आहे. धक्के खाणाऱ्या पेटीच्या कोपऱ्याला नाही. शिवाय एकदा ती लावलीस की तिथं पुन्हा आर्गॉन मारता येत नाही. जस्त धूर सोडतं आणि रस उधळतो. रिव्हेटला मात्र मी नाक मुरडणार नाही. विमानं रिव्हेटवर उडतात. माझ्या मते कोपऱ्याच्या शिवणी वेल्ड कर, म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि गाडीला अडकवायच्या ब्रॅकेट रिव्हेट किंवा बोल्टने, आतून पट्टी देऊन. ब्रॅकेटसाठी तू ६०६१ किंवा एचई-३० चा कडक सेक्शन घेत असशील, तर वेल्डजवळ त्याची कडकी उतरते, ताकद जवळपास निम्म्यावर येते. सगळा भार जिथं, तिथंच मऊ धातू, हे नको.

पुढची पेटी हातात घ्यायच्या आधी एक दिवस दे. दीड मिमीच्या पट्ट्या काप, फूटभर लांब. पहिल्या पाचांवर रॉड न देता नुसता रस चालवून बघ. रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहीपर्यंत. मग पाच कोपऱ्याचे जोड, १.६ च्या रॉडने. गार झाले की व्हाइसमध्ये धरून हातोडीने कोपरा उघडून सपाट कर. आतल्या बाजूला जोडाची रेघ तशीच दिसत असेल तर रस तळापर्यंत गेलेला नाही, करंट वाढव. सपाट होऊनही शिवण फाटली नाही तर पेटी घे.

तो २.४ चा गठ्ठा परत करायला जाऊ नकोस. ३ मिमीच्या कामाला तो लागेल. पिशवीत गुंडाळून कोरड्या जागी ठेव.